बारा व्होल्ट आणि कुंदाआत्यांची पिन

नेकारसुल्म,
रविवार, ९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप मोहनदादांस,

गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द केवळ रीत म्हणून लिहिलेला नाही. गेला आठवडाभर मी तसाही जमिनीवर पालथाच होतो, त्याचं कारण पुढे येईल. आमच्या फरशीखालून गरम पाणी फिरतं, त्यामुळे नोव्हेंबरातही पोटाला बरं वाटतं.) वहिनींचा गुडघा, तुमची शुगर आणि दुकानासमोरचं गटार या तिघांच्याही तब्येती एव्हाना सुधारल्या असतील अशी आशा आहे. इकडे तुमची बहीण छान आहे. डॉक्टरीणबाईंनी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली तारीख दिली आहे, बाळ खेळकर आहे आणि वजन हवं तेवढं आहे (बाळाचं. माझं जास्तच वाढलंय, कारण अरुंधतीला नको झालेलं सगळं कुंदाआत्या माझ्या ताटात वाढतात).

हे सगळं फोनवर का सांगत नाही, असं तुम्हाला वाटेल. आमचं घर अडीच खोल्यांचं. त्यातल्या एकीत अरुंधती आणि मी, दुसरीत कुंदाआत्या आणि बाळाचा अजून न जोडलेला पाळणा, आणि उरलेल्या अर्ध्यात सोफा, सोफ्यावर अण्णा. तुमच्या वडिलांचे गुडघे कुरकुरत असतील, पण कान शाबूत आहेत. मी संडासात जाऊन तुम्हाला फोन केला तरी बाहेर आल्यावर ते ‘मोहन काय म्हणतोय?’ विचारतात. म्हणून हे पत्र. ऑफिसातली स्नेहलता बुधवारी पुण्याला निघाली आहे, तिथून ती कराडला माहेरी जाणार, तिच्या हाती देतो. कृपा करून एकट्याने वाचा.

आधी तुमच्या मनातल्या एका चोरीचा निकाल लावतो. दुकानातल्या वरच्या फळीवरचा गाडीतला जुना कॅसेट डेक आणि ते दोन लंबगोल स्पीकर दसऱ्याच्या आसपास नाहीसे झाले, आणि तुम्ही ते भंगारवाल्याने परस्पर उचलले असं धरून चाललात. भंगारवाला निर्दोष आहे. तो माल अण्णांच्या बॅगेतून जर्मनीला आला. वजन बसेना म्हणून अरुंधतीसाठी केलेले डिंकाचे लाडू त्यांनी विमानतळावर काढून ठेवले आणि डेक राहू दिला. हे कुंदाआत्यांना इथे बॅग उघडल्यावर कळलं. त्या दिवशी बहीणभावांत जे बोलणं झालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, पण लाडवांचा विषय अजून रोज निघतो.

आता अण्णांबद्दल. दादा, तुम्ही त्यांना ‘अण्णा, आता तुम्ही फक्त बसा’ असं म्हणालात ते प्रेमानेच म्हणालात, याबद्दल मला तीळभर शंका नाही. पण त्यांनी ते अक्षरशः घेतलं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांखाली आडवा झालेला माणूस इथे येऊन जो सोफ्यावर बसला तो उठेचना. सकाळी चहा, मग बसणं. खिडकीतून पार्किंग दिसतं, त्यात लावलेल्या गाड्या बघणं (यातली एकही बिघडत नाही, असं एकदा फार खेदाने म्हणाले). जेवण, मग परत बसणं. तीन आठवडे असे गेल्यावर एके दिवशी त्यांनी मला शांतपणे विचारलं की तिकीट अलीकडचं करून मिळेल का. बाळंतपणाला कुंदा आहे, माझं इथे काय काम? अरुंधतीने ते ऐकलं, बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडली. आमच्याकडे पाण्याचं बिल वेगळं येतं, तरी मी दार वाजवलं नाही. मला फार वाईट वाटलं. तिला बाळ झाल्यावर पहिल्यांदा अण्णांच्या हातात द्यायचं आहे, एवढीच तिची इच्छा आहे. एजंटला विचारलं, तर तो म्हणाला, तारीख बदलायची तर सात नोव्हेंबर, शुक्रवारपर्यंत सांगा, पुढे बदलता येणार नाही. अण्णांनी ती तारीख नीट ऐकून ठेवली.

तेव्हा मी ठरवलं की या माणसाला सोफ्यावरून उठवायचं. डेक बॅगेतून आणलाय, तर तो घरात वाजवून दाखवू, म्हणजे जरा मन रमेल. (मी गाड्यांच्या दारांच्या आतल्या वायरिंगचे नकाशे काढतो, हे तुम्हाला माहीत आहे. अण्णांच्या मते हे काम म्हणजे पोहण्यावर निबंध लिहिण्यासारखं आहे.) सध्या आमच्याकडे कुर्झआर्बाइट सुरू आहे, म्हणजे आठवड्यात तीनच दिवस काम आणि पगारही त्याच मापाचा. त्यामुळे वेळ होता आणि पैसे नव्हते. अरुंधतीने बाबागाडीच्या पैशांना हात न लावण्याच्या अटीवर पंचवीस युरो मंजूर केले. त्यातले पंधरा हाइलब्रॉनच्या एका गृहस्थाला देऊन त्याच्या जुन्या गाडीतला ॲम्प्लिफायर आणला. लग्न झालं म्हणून तो विकत होता.

गाडीतलं यंत्र बारा व्होल्टवर चालतं आणि घरातल्या भिंतीत दोनशे तीस असतात. मध्ये काय घालायचं, एवढाच प्रश्न. मी घरभर बारा व्होल्टचा अडॅप्टर शोधला आणि तो मला इंटरनेटच्या डब्याला लागलेला सापडला. तो काढून डेकला जोडला. दिवा लागला, कॅसेटचं चाक अर्धं फिरलं आणि सगळं विझलं. व्होल्ट बारा होते, पण अँपिअर चिमूटभर. त्याच वेळी आतल्या खोलीत अरुंधती सुट्टीवर जाण्याआधीची शेवटची ऑनलाइन मीटिंग घेत होती, तीही विझली. तिच्या साहेबाला वाटलं, कळा सुरू झाल्या. त्याने फुलं पाठवली. अण्णा सोफ्यावरून फक्त ‘हं’ म्हणाले.

मग मी विचार केला, गाडीचं यंत्र आहे तर गाडीचीच बॅटरी देऊ. खालून बॅटरी काढून तिसऱ्या मजल्यावर नेली (लिफ्ट नाही). जिन्यात तळमजल्यावरचे हेर ब्रॉयनिंग (हेर म्हणजे इथलं ‘श्रीयुत’) भेटले. हे इथल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले, गिअरबॉक्सवर हयात गेलेले, अत्यंत सभ्य आणि अत्यंत संशयी. मी बॅटरी छातीशी धरून त्यांना गुटन आबेंड, म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हटलं, त्यांनीही म्हटलं, पण पाठीवर त्यांची नजर मला दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणवत होती. वर जोडणी केली, एका स्पीकरमधून आवाज आला, पण तो गाण्याचा नव्हता, माशी बाटलीत अडकल्यासारखा होता. अण्णा म्हणाले, ‘बॅटरी गाडीत असते, जावईबापू.’ मी हिरमुसून तसंच टाकून झोपलो आणि ॲम्पला चालू ठेवणारी निळी वायर सोडवायची राहिली. तो बिचारा रात्रभर निमूटपणे बॅटरी पीत बसला. सकाळी अरुंधतीची तपासणी. बॅटरी परत गाडीत बसवली, किल्ली फिरवली, गाडीने नुसता सुस्कारा टाकला. आठ महिने भरलेली तुमची बहीण आणि हातात ताकाची बाटली घेतलेल्या कुंदाआत्या बसने दवाखान्यात गेल्या. जाताना अरुंधतीने एकच विचारलं, ‘गुरू, खऱ्या दिवशी बॅटरी गाडीत असेल ना?’ मी चार्जर उसना आणला, बॅटरी भरली आणि तेव्हापासून तिला हात लावलेला नाही. पण त्या प्रश्नाने माझी झोप उडाली, हे कबूल करतो. त्या दिवसापासून दवाखान्याची बॅग मी रोज उघडून बघू लागलो.

तिसरा उपाय मला इंटरनेटवर सापडला. जुन्या कॉम्प्युटरमधला पॉवर सप्लाय काढायचा, तो बारा व्होल्टही देतो आणि भरपूर अँपिअरही. फुकटात कॉम्प्युटर कुठे मिळेल? वेर्टश्टॉफहोफवर, म्हणजे गावाच्या कचरा-आगारावर, डोंगर पडलेले असतात. मी गेलो. दारावरच्या माणसाने विचारलं, काय टाकायला आणलंय? मी म्हटलं, काही नाही, न्यायला आलोय. असं उत्तर त्याच्या नोकरीत त्याला कधी कोणी दिलं नसावं. त्याने मला नियमावलीचा फलक पूर्ण वाचायला लावला. इथे टाकलेली वस्तू उचलणं म्हणजे चोरी. मी पडल्या चेहऱ्याने परत फिरत होतो तेव्हा रिकाम्या बाटल्यांची खोकी घेऊन हेर ब्रॉयनिंग येत होते. त्यांनी थांबवून विचारलं की तुम्ही घरात नक्की काय करताय. मी खरं ते सांगितलं, सासऱ्यांचंही सांगितलं, सोफ्याचंही. त्यांनी बाटल्यांची खोकी खाली ठेवली. मग म्हणाले की निवृत्त झाल्यावर मीही दोन वर्षं बसलो होतो. संध्याकाळी त्यांनी तळघरातून आपला जुना कॉम्प्युटर वर आणून दिला.

त्यांच्यासमोर मी वायरी जोडायला बसलो आणि दादा, अण्णा उठले. मी दिलेला पहिला जोड त्यांना सोफ्यावरून दिसला आणि सहन झाला नाही. ‘ही काय वायर पिळायची पद्धत आहे?’ असं म्हणत ते माझ्याशेजारी मांडी घालून बसले, मला कोपराने बाजूला केलं आणि हेर ब्रॉयनिंगकडे हात पुढे केला. त्या हातात काय ठेवायचं ते हेर ब्रॉयनिंगना न सांगता कळलं, त्यांनी पक्कड दिली. त्यांची बोली मला आठ वर्षांत कळलेली नाही. अण्णांना ती पहिल्या संध्याकाळी कळली. अण्णा मराठीत विचारायचे, ते त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे आणि दोघंही ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणायचे. मला माझ्याच घरात दुभाष्या लागला असता.

आता पिनेकडे येतो. कॉम्प्युटरचा हा पॉवर सप्लाय नुसता भिंतीत लावून जागा होत नाही. त्याच्या जाड जुडग्यातली हिरवी वायर आणि काळी वायर एकमेकींना जोडाव्या लागतात, तेव्हा कुठे पंखा फिरतो. त्यासाठी तारेचा एक लहानसा तुकडा पुरतो. मी कुंदाआत्यांकडे सेफ्टी पिन मागितली. त्यांच्या डाव्या हातातल्या बांगडीला कायम सात-आठ पिना लटकलेल्या असतात हे तुम्ही लहानपणापासून बघत आला आहात. त्यांनी एक निवडून दिली आणि तीनदा सांगितलं की परत हवी, जर्मनीत अशी मिळत नाही. मी ती हिरव्या-काळ्यात खुपसली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. शनिवारी संध्याकाळी कुंदाआत्यांनी त्या पत्र्याच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं (हेर ब्रॉयनिंगनी विचारलं, या लाल पावडरीतून करंट जातो का, अण्णांनी मान हलवली, त्याचा अर्थ त्यांनी काय घेतला कोण जाणे). मी बटण दाबलं. पंखा फिरला, डेक उजळला आणि सनई वाजली. नवी गाडी घेऊन येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी अण्णा जी कॅसेट लावायचे, तीच. अरुंधती पोटावर हात ठेवून दारात उभी होती. म्हणाली, बाळ थांबून ऐकतंय. अण्णांनी डोळे पुसले आणि वायरचा धूर गेला असं सांगितलं. धूर नव्हता.

रविवारी सकाळी बटण दाबलं, काहीच नाही. पंखासुद्धा ढिम्म. मला वाटलं, संपलं. सगळ्यात आधी मी कुंकवाला जबाबदार धरलं, मनातल्या मनात. डबा उघडून दाढीच्या ब्रशने एकेक कण झाडला. मग ॲम्प तपासला, डेक तपासला, भिंतीतला प्लग तपासला, फ्यूज बदलले. सोमवार गेला, मंगळवार गेला. अण्णा सकाळी अंघोळ करून थेट जमिनीवर बसायचे, हेर ब्रॉयनिंग नऊच्या ठोक्याला स्वतःचं स्टूल घेऊन यायचे, आणि मी (कामाच्या दिवशी ऑफिसातून आल्यावर) पालथा पडून टॉर्च धरायचो. अण्णा बोलायला लागले. कुठल्या सालच्या ट्रकला कुठला दोष असायचा, तुम्ही सातव्या वर्षी पहिला हॉर्न कसा जोडलात आणि तो थांबेना तेव्हा सगळी गल्ली कशी जमली, हे सगळं मला कळलं. (हेर ब्रॉयनिंगनाही कळलं. ते योग्य जागी हसत होते.) मल्टिमीटरवर अण्णांचा विश्वास नाही, त्यांना हवा होता त्यांचा टेस्ट लॅम्प, दोन वायरींचा बल्ब. तो दुकानात राहिलाय, याची त्यांना फार हळहळ वाटत होती.

गुरुवारी सकाळी कुंदाआत्या मला थालीपीठ वाढायला वाकल्या. त्यांच्या खांद्यावर पदराला एक पिन होती आणि पिनेच्या टोकाला काळ्या चिकटपट्टीचा एवढासा कपटा चिकटलेला होता. मी घास हातात धरून तसाच राहिलो. चार दिवस मी सगळ्या जगाच्या जोडांवर संशय घेतला होता, एक सोडून. जो मी स्वतः केला होता त्याची पट्टी सोडून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्यांनी डोळ्यांनी अण्णांकडे खूण केली. अण्णा आणि हेर ब्रॉयनिंग डोक्याला डोकं लावून फ्यूजवर वाद घालत होते. आत्या मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि नळ सोडून (आमच्या घरात सगळी गुपितं पाण्याच्या बिलावर येतात) म्हणाल्या,

‘शनिवारी वाजलं, आणि रविवारी पहाटे हा परत सोफ्यावर. मला म्हणाला, झालं काम, आता तिकिटाचं बघायला सांग त्यांना. मग मी पिन काढून घेतली. माझीच होती.’

पट्टी पुन्हा गुंडाळून ठेवायला त्या विसरल्या नव्हत्या. शुक्रवार संपेपर्यंत थांबा, एवढंच त्यांनी मला सांगितलं. मग गुरुवार उरलेला आणि शुक्रवार अख्खा मी, उत्तर माहीत असलेला माणूस, पालथा पडून टॉर्च धरत राहिलो. नाटकात काम केल्याचा अनुभव नाही, पण दोन-तीनदा फार छान निराश झालो. शुक्रवारी पाच वाजता एजंटचं ऑफिस बंद झालं. अण्णांच्या तोंडून तिकिटाचा त सुद्धा निघाला नाही. अरुंधती साडेपाचला घड्याळाकडे बघून माझ्या खांद्यावर डोकं टेकवून बसली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी दवाखान्याची बॅग न उघडता झोपलो. दादा, इतकं हलकं मला परीक्षेचे निकाल लागल्यावरही वाटलं नव्हतं.

काल शनिवारी पिन आपल्या जागी गेली (कुंदाआत्यांनी दुसरी दिली, पहिली पदराला चांगली बसली म्हणे), सनई वाजली आणि यावेळी अण्णा सोफ्याकडे वळले नाहीत. हेर ब्रॉयनिंगच्या कॅरॅव्हॅनमधलं (गाडीमागे ओढायच्या चाकांच्या घरातलं) सगळं वायरिंग उंदरांनी कुरतडलंय. ते त्यांनी बारा वर्षं झाकून ठेवलं होतं. आज सकाळी दोघं ते बघायला खाली गेले होते, आणि अण्णांनी आल्यावर सांगितलं की हे काम जानेवारीच्या आत आवरत नाही. व्हिसा डिसेंबरच्या शेवटाला संपतो, हे त्यांना सांगायचं धाडस मी करणार नाही.

वहिनींना नमस्कार, घरातल्या लहानांना आशीर्वाद. आमच्याकडून फोन आला तर तो गोड बातमीचाच असेल, आणि बॅटरी गाडीत आहे.

तुमचा,
गुरुदत्त

ता. क. – स्नेहलता वीस तारखेला परत निघेल. तिच्याबरोबर अण्णांचा टेस्ट लॅम्प पाठवावा, आणि जागा उरली तर डिंकाचे लाडू. जागा उरली नाही तर लॅम्प राहू दे, लाडू पाठवा. कुंदाआत्या शेजारी उभ्या राहून हे लिहून घेत आहेत.

ता. क. दुसरा – आत्या आत गेल्या. दादा, हे पत्र खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं. लॅम्पचं राहू दे, तुम्ही अण्णांना एक फोन करा. तब्येतीची चौकशी करायला नको. दुकानात आलेल्या एखाद्या गाडीतला दोष विचारा. हेडलाइट मिचकावतो, स्टार्टर अडकतो, काहीही. तुम्हाला तो काढता येत असला तरी विचारा. आधी ते ‘तुला सगळं येतं’ असं म्हणतील. तेव्हा फोन ठेवू नका.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अण्णा पाठीमागे येऊन उभे राहिले. मोहनला लिहिताय का, म्हणाले. मी हो म्हटलं. मग पिनेचंही लिहा, म्हणाले. मी पाकीट खाली ठेवलं. म्हणाले, ‘रविवारीच कळलं. पट्टी सरळ गुंडाळलेली होती. तुम्ही लावलेली पट्टी कधी सरळ नसते, जावईबापू.’ मी विचारलं, मग सहा दिवस बोलला का नाहीत? तर म्हणाले, ‘तुम्ही ती दवाखान्याची बॅग दिवसातून चारदा उचकत होता. म्हटलं, हाताला काही काम असलेलं बरं.’ म्हणजे या घरात अण्णांना नव्हे, पालथा पडलेल्या मलाच कामाला लावलेलं होतं. तरी फोन कराच, दादा. तुम्ही मुद्दाम विचारताय हे त्यांना पहिल्या वाक्यात कळेल. कळू दे. ते सांगतील.